बूट दुकानातूनच घे

सोलापूर,
१८ जानेवारी

प्रिय सुहास,

पत्र मिळालं. कॅल्गरीची थंडी सोसून वर तू स्कीइंगचं मनावर घेतलंस, हे वाचून फार बरं वाटलं. मनालीच्या त्या कोर्सनंतर आपण दोघंही बर्फाकडे फिरकलो नव्हतो. आता बॅन्फ आणि लेक लुईस हाताशी आहेत, तर सोडू नकोस. इकडे गड्डा यात्रा भरलीय, होम मैदानावर पाय ठेवायला जागा नाही. घरचे सगळे मजेत.

तू लिहिलंस, "दुकानात बूट घालून बघतो, माप कळलं की ऑनलाइन मागवतो, शंभर-दीडशे डॉलर वाचतात." असं करू नकोस बे. एक तर त्यात तुझंच नुकसान आहे. दुसरं कारण मी दुकानदार म्हणून सांगतोय, आणि तेही मला तितकंच महत्त्वाचं वाटतं.

सोलंगला भाड्याचे बूट मिळाले होते, आठवतंय? टाच आत उचलली जायची, वळायला जावं तर पाय वळायचा आणि स्की सरळच जायची. चांगल्या दुकानात माप घेतात ते बघ. आधी पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजतात. मग बुटाचं आतलं अस्तर काढून नुसत्या कवचात पाय घालायला लावतात. बोटं पुढे टेकवायची आणि टाचेमागे किती जागा उरते ते बघायचं. हाताची एक-दोन बोटं मावली तर ठीक, त्याहून जास्त असेल तर बूट मोठा. मग अस्तर घालून, बकल लावून उभं करतात. ताठ उभा राहिलास की बोटं पुढे टेकायला हवीत, गुडघे वाकवून नडगी पुढे रेटली की टाच मागे बसून बोटं सुटायला हवीत. नवखा माणूस ताठ उभा राहतो, बोटं टेकली की "घट्ट होतोय" म्हणतो आणि एक माप मोठं घेतो. अस्तर चार-सहा दिवस वापरल्यावर दबतं, मग तो बूट आणखी सैल. सव्वीस आणि साडेसव्वीसला बहुतेक कंपन्यांचं कवच एकच असतं, आणि कडकपणाचा जो आकडा छापतात तो एका कंपनीचा दुसरीशी जुळत नाही. हे स्क्रीनवर कसं कळणार? घोट्याचं हाड टोचत असेल तर दुकानदार तेवढाच भाग तापवून बाहेर काढून देतो. बूट त्याच्याकडून घेतला असेल तर हे काम बऱ्याचदा फुकट होतं.

बाइंडिंगचं, म्हणजे बूट स्कीला पकडून ठेवणाऱ्या भागाचं, तर त्याहून जपायला हवं. पडलास की बूट स्कीतून सुटला पाहिजे, नाहीतर गुडघ्याचा लिगामेंट जातो, आणि उगीच सुटला तर उतारावर आपटशील. किती जोरावर सुटायचा हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुझी तयारी बघून ठरतं. तंत्रज्ञ ते लावतो, मशीनवर तपासतो. वजन कमी करून सांगू नकोस, आणि येतं त्याहून जास्त येतं असंही सांगू नकोस.

आता माझ्या काउंटरवरचं सांगतो. परवा एक मुलगा वडिलांबरोबर आला. बॅडमिंटनचे बूट घालून बघितले, दुकानातच उड्या मारल्या, मी सॉक्स बदलून पुन्हा बघायला सांगितलं. माप ठरलं, आणि वडिलांनी खोक्यावरच्या लेबलचा फोटो काढला. "येतो" म्हणाले आणि गेले. तेच गृहस्थ पुढच्या आठवड्यात रॅकेटचं गटिंग करायला, म्हणजे तारा बसवून घ्यायला येणार, आणि मी करून देणार. पण सुहास, ते बूट मी आगाऊ पैसे भरून आणलेले असतात. सगळी मापं ठेवावी लागतात, म्हणजे कोणाच्या तरी पायाला बसतील. घालून बघायचं इथे आणि पैसे भरायचे तिथे, असंच चाललं तर उद्या नवी पेठेत कोणी बूट ठेवणार नाही. मग ऐन मॅचच्या सकाळी तार तुटली की पोरांनी जायचं कुठे? कॅल्गरीतल्या दुकानदाराचंही तेच. हिवाळ्याचा माल तो कितीतरी महिने आधी मागवून ठेवतो, मग बर्फ पडो न पडो.

सगळंच दुकानातून घे असं मी म्हणत नाही. हातमोजे, गॉगल, कपडे जिथे स्वस्त मिळतील तिथून घे. स्कीसुद्धा मॉडेल नक्की माहीत असेल तर मागवायला हरकत नाही, फक्त बाइंडिंग बसवायला दुकानाचे वेगळे पैसे पडतील ते धरून हिशेब कर. एकदा भोकं चुकीच्या जागी पडली की ती स्की दुरुस्त करणं अवघड. पण बूट मात्र दुकानातूनच. पैशाची ओढाताण असेल तर दुकानदाराला सरळ सांग, "ऑनलाइन इतक्याला मिळतोय, किती करता?" स्पष्ट विचारलेलं दुकानदाराला आवडतं, मला तरी आवडतं. नाहीतर हा हिवाळा भाड्याच्या बुटांवर काढ. मार्च-एप्रिलमध्ये उरलेला माल भाव पाडून विकतात, आणि डोंगरावर बर्फ तोवर असतोच.

मोजताना पातळ सॉक्सचा एकच जोड घाल, तुझे ते लोकरीचे दोन जोड नकोत. संध्याकाळी जा, दिवसभर चालून पाय थोडा फुगलेला असतो. नीट अर्धा तास तरी बूट घालून दुकानात फीर, घाई करू नकोस.

आईने शेंगाचटणी दिलीय, पुढच्या आठवड्यात पार्सल करतो. बूट घेतलेस की कोणतं माप बसलं ते कळव.

तुझा,
नंदू