मामांचं बीपी

प्रिय बंड्या,

दीड वर्ष झालं पत्र नाही आणि फोनवर नुसतं "निवांत बोलू रे". आज रात्रीचे साडेअकरा झालेत, तरी लिहायला बसलोय. हे दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही. आपल्या मेसच्या मामांना पॅरालिसिस झालाय.

आधी हे सांगतो, वाचलेत. पंधरा दिवसांपूर्वी सकाळी चहाची कपबशी हातातून गळाली, तोंड वाकडं झालं. लेकाने गाडीत घालून थेट मोठ्या दवाखान्यात नेलं. बीपी 210/120, सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला रक्तस्राव. आता उजव्या हाताची बोटं हलायला लागलीत, पण शब्द सापडत नाहीत. परवा गेलो तर मला बघून बराच वेळ चाचपडले आणि एकदम म्हणाले, "आमटी!" मी हसलो आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन रडलो. मग मोबाइलवर तुझा फोटो दाखवला, तर "पापड". म्हणजे सगळं आत शाबूत आहे बघ.

आता खरं सांगतो. मामा माझेच पेशंट होते.

गेल्या दिवाळीनंतर गुडघे दुखतात म्हणून आले होते. दाखवायला आलेले, पण माझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी घेऊन. बीपी निघालं 172/104. जिना चढून आलेत म्हणून पाच मिनिटं गप्प बसवलं, पाठ टेकवली, स्वेटर काढायला लावला, हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवला आणि पुन्हा घेतलं. 168/100. आठवड्याने परत तेवढंच. लघवी, किडनीसाठी क्रिएटिनिन, साखर, ईसीजी सगळं केलं. ईसीजीत हृदयाचा डावा कप्पा जाड झालेला दिसत होता, म्हणजे दुखणं जुनं. बीपीची गोळी ॲम्लोडिपिन 5 सुरू केली, महिन्याने टेल्मिसार्टन 40 जोडली. गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर डायक्लोफिनॅक घ्यायचे, ती बंद केली, कारण तिनेही बीपी चढतं. मिठावरून तर भांडणच झालं. आयुष्यभर मुठीने मीठ टाकलेला माणूस, त्याला दिवसाला एक चमचा सांगायचं म्हणजे काय!

तिसऱ्या महिन्यात 128/78. मला इतका आनंद झाला की मी म्हणालो, "मामा, बीपी एकदम नॉर्मल!"

बंड्या, ते वाक्य मला झोपू देत नाही. मामांनी ऐकलं की आजार बरा झाला. ताप उतरला की गोळ्या बंद, तसंच. "गोळी चालू आहे म्हणून 128 आहे, सोडली की परत चढणार" हे मी म्हणालो नाही. पट्टी संपली ती संपली. डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती, मग कशाला येतील? आणि आठ महिने ते फिरकले नाहीत हे मला कळलंसुद्धा नाही. नाही आले म्हणजे बरे असतील, असं धरून चाललो.

इंटर्नशिप संपताना कँटीनमध्ये आपण भांडलो होतो, आठवतं? तू सरकारी नोकरी धरतोय म्हणालास आणि मी म्हणालो, रजिस्टरं भरत म्हातारा होशील. तीन दिवस बोलला नाहीस. 2018 ला तुमच्या सिंधुदुर्गात हायपरटेन्शनचा, म्हणजे बीपीचा, तो उपक्रम सुरू झाला, प्रत्येक पेशंटचं कार्ड, पुढची तारीख, नाही आला की फोन किंवा आशाताई दारात; तेव्हाही मी फोनवर वाद घातलाच. मामा तुझ्याकडे आले असते तर महिन्यातच सापडले असते. तुझं बरोबर होतं.

गेल्या सोमवारपासून जुने केसपेपर काढून वही केलीय. अर्ध्याहून जास्त बीपीवाले सहा महिन्यांत आलेच नाहीत. रोज दुपारी दहा फोन लावतो. बहुतेक म्हणतात, "मला काही त्रास नाही, डॉक्टर." एका मावशींच्या पायांवर सूज यायची, ॲम्लोडिपिनची, म्हणून त्यांनी गोळी टाकून दिली होती. मला विचारलं असतं तर बदलून दिली असती. पण "सूज आली तर सांगा" हे तरी मी कुठे सांगितलं होतं? काल 176/102 घेऊन समोर बसल्या होत्या.

तू पहिल्या दिवशी पेशंटला नेमकं काय सांगतोस, ते शब्दच लिहून पाठव. आणि गोळ्या सुरू केल्यावर पहिली तारीख किती दिवसांची देतोस?

माझी तब्येत बरी. वहिनींच्या बदलीचं काय झालं? धाकटीची बारावी ना यंदा? तिला माझ्याकडून शाबासकी, आणि मेडिकलचा आग्रह धरू नकोस.

पुढच्या रविवारी मामांकडे जातोय. जमवच. पापड आणू नकोस, मीठ बंद आहे. तुमचं एक कोरं कार्ड मात्र घेऊन ये.

तुझा,
दिल्या