इजिप्तचं निळं कमळ आणि चहाची पाकिटं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत प्राचीन इजिप्तमधल्या फुलांच्या उपचारांवर लेख आला, विषय छान निवडलाय, पण सोबत अर्धं पान भरून जो फोटो छापलाय तो आपल्या लक्ष्मीच्या गुलाबी कमळाचा आहे हो. तुतनखामुन, रामसेस वगैरे फॅरो मंडळींच्या, म्हणजे इजिप्तच्या राजांच्या काळात हे कमळ नाईलच्या काठी नव्हतंच, ते तिकडे पोचलं बरंच नंतर, साधारण इराण्यांनी इ.स.पू. ५२५ मध्ये इजिप्त घेतला त्या सुमारास. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने त्याचं वर्णन केलंय, गांधीलमाशीच्या पोळ्यासारखं फळ येणारं म्हणून. थडग्यांतल्या चित्रांत मेजवानीला बसलेल्या बायका जे निळं फूल नाकाशी धरून असतात ते वेगळं, त्याला निळं कमळ किंवा ब्लू लोटस म्हणतात खरं, पण ते आपल्या कुमुदाच्या कुळातलं, पानं पाण्यावर सपाट पसरलेली, सकाळी उमलणार आणि दुपारी मिटायला लागणार.

फोटोचं एवढं मनावर घेतलं नसतं, पण माझं मेडिकलचं दुकान आहे आणि हल्ली पोरं मोबाईलवर स्क्रीनशॉट दाखवून विचारतात, काका ब्लू लोटसचा चहा ठेवता का, झोपेला आणि टेन्शनला चांगला असतो, फॅरो प्यायचे. तुमच्या लेखातही शेवटी 'आज हा चहा सहज मिळतो' असं वाक्य आहे म्हणून हे पत्र.

इजिप्तच्या वैद्यकाबद्दल आपल्याला जे काय कळलंय त्यातलं बरंचसं एबर्स पपायरसमधून आलंय, इ.स.पू. १५५० च्या आसपासची जवळपास २० मीटर लांब गुंडाळी, १८७३ च्या सुमारास गेऑर्ग एबर्स या जर्मन अभ्यासकाने इजिप्तमधल्या लक्सरला विकत घेतली, आज लाइपझिगच्या विद्यापीठात आहे. त्यात ८७७ परिच्छेद आहेत आणि त्यातले बहुतेक म्हणजे सरळ प्रिस्क्रिप्शनच! काय घ्यायचं, कशात कालवायचं, किती दिवस. मध, बिअर, वाईन, दूध यातलं काहीतरी बऱ्याचदा सोबत असतं, आणि कित्येक ठिकाणी रात्रभर दवात ठेवा, गाळा, चार दिवस प्या अशी सूचना. खोकल्याची एक कृती तर वाचण्यासारखी आहे, दगड विस्तवात तापवायचे, त्यावर औषध टाकायचं, वर बुडाला भोक पाडलेलं नवं मडकं पालथं घालायचं, भोकात वेताची नळी खुपसून धूर ओढायचा. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा इनहेलर झाला की हा!

आता यात फुलं किती, तर लेख वाचून वाटतं तेवढी नाहीत. पान, डिंक, बी, फळ, राळ हेच जास्त. गर्भ राहू नये म्हणून जी कृती दिलीय त्यात बाभूळ आहे, आपल्या बांधावरची तीच बाभूळ बरं का, ती खजुरासोबत वाटून मधात कालवून कापसासारख्या बोळ्यावर घेऊन योनीत ठेवायची, आणि एक, दोन किंवा तीन वर्षं गर्भ राहणार नाही असा दावा. बाभळीचा डिंक आंबला की लॅक्टिक ॲसिड तयार होतं, त्यामुळे त्यात थोडंफार तथ्य असावं असं अभ्यासक म्हणतात.

मग फुलाचं काम काय? ते मुख्यतः वासाचं आणि देवाचं, आणि लेखात राहिलेली सगळ्यात भारी गोष्ट इथेच आहे. सेखमेत ही सिंहाच्या तोंडाची देवी, रोगराई धाडणारी तीच आणि बरं करणारीही तीच, तिचे पुजारी वैद्यकी करायचे. तिचा मुलगा नेफरतेम, डोक्यावर कमळ घेऊन उभा. पिरॅमिडमधल्या मंत्रांत तो सूर्यदेव 'रा'च्या नाकाशी असलेलं कमळ आहे. म्हणजे रोगाच्या देवीच्या घरातच सुवास! त्या लोकांना वास म्हणजे नुसता शौक नव्हता, त्यात जीव परत आणायची ताकद आहे असं ते मानायचे, म्हणून तर मेल्यावरही गळ्यात फुलांच्या माळा, तुतनखामुनच्या शवपेटीतल्या माळेत निळ्या कमळाच्या पाकळ्या मिळाल्याच की. रामसेस दुसऱ्याची ममी १९७६ मध्ये बुरशीवर उपचार करायला पॅरिसला नेली होती, तेव्हा तिच्यात कॅमोमाईलचे परागकणही सापडले.

निळ्या कमळात न्युसिफेरीनसारखी अल्कलॉइड्स, म्हणजे शरीरावर परिणाम करणारी द्रव्यं असतात हे खरं, पण ती साध्या पाण्यात नीट विरघळत नाहीत, त्यामुळे जुन्या काळी ते फूल वाईनमध्ये भिजवत असावेत असा एक अंदाज मांडला जातो. म्हणजे पाकिटातल्या सुक्या पाकळ्या गरम पाण्यात टाकून फॅरोचा अनुभव येतो हे कशाच्या जोरावर सांगतात कळत नाही. आणि पाकिटात निळं कमळच आहे कशावरून, सुकलेल्या चुऱ्यावरून मलाही ओळखता येणार नाही. उलट स्ट्राँग अर्क घेतला किंवा वेपमधून (ई-सिगारेटमधून) ओढला तर प्रकरण अंगाशी येतं, अमेरिकन सैन्यातले काही जण असंच करून गुंगी आणि भ्रमाने इमर्जन्सीत पोचल्याच्या केसेस मेडिकल जर्नलमध्ये आल्यात. झोपेच्या गोळ्या चालू असणाऱ्याने तर याच्या वाटेला जाऊच नये.

गंमत म्हणजे 'काहून पपायरस' नावाच्या इजिप्तच्याच आणखी एका जुन्या वैद्यकीय गुंडाळीत मगरीची विष्ठाही औषध म्हणून लिहिलीय, तिची पाकिटं काही कोणी काढली नाहीत. प्राचीन म्हणून भारी तर मग सगळंच भारी म्हणा ना!

तर विनंती एवढीच, पुढच्या रविवारी चौकटीत निळ्या कुमुदाचा फोटो छापा, चहाचं वाक्य मागे घेतल्याचं दोन ओळींत लिहा, आणि जमलं तर त्या मडक्याच्या इनहेलरवर कोणाकडून तरी वेगळा लेख लिहून घ्या, आमच्या दुकानात येणारे दम्याचे पेशंट आवडीने वाचतील.

आपला,
एक नियमित वाचक, नाशिक