आबा, ते गाणं मला कापू दिलं नाहीत त्याबद्दल

आबा, नमस्कार.

समोर थँक्यू म्हणायला गेलं की तुम्ही "चहा घे आधी" म्हणून विषय बदलता, म्हणून आता इथे सगळ्यांसमोरच लिहितेय.

एक मेच्या, महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमाला मी अण्णा भाऊ साठ्यांचं 'माझी मैना गावावर राहिली' बसवत होते आणि वेळ कमी पडतोय म्हणून शेवटचा भाग उडवला होता, ते बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव येतं ना तो. मला खरंच वाटायचं की हे विरहाचं गाणं आणि अण्णा भाऊंनी संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीसाठी शेवटी राजकारण जोडलंय. तुम्ही जिन्यात थांबून ऐकलंत आणि म्हणालात, "पोरी, एक मेला नेमकं तेच कापतेस?"

मग दोन तास बसवलंत. सुरुवात राजकारणापासून नाही, खोलीपासून केलीत. तुमच्या वडिलांची गिरणगावातली खोली, एवढीशी जागा, गिरणीतली पाळी सुटेल तसं झोपायचं, जेवण खानावळीत, आणि तुमची आई तिकडे साताऱ्याला. गरिबीनं ताटातूट केली असं गाण्यात सरळ म्हटलंय, मी ते कितीदा गायले पण त्यात गिरणी कधी दिसलीच नव्हती. स्वतः अण्णा भाऊ वाटेगावहून वडिलांबरोबर चालत मुंबईला आलेले, त्यांना हे काय कुणी सांगायला हवं होतं का!

आणि मग तुम्ही म्हणालात की ज्यांच्या घामावर मुंबई चालते त्यांनाच सांगितलं जात होतं की मुंबई तुमची नाही, म्हणून बायकोपासून तुटलेला माणूस आणि तुकडे झालेला मुलूख ही एकच गोष्ट आहे. १९६० ला महाराष्ट्राला मुंबई मिळाली पण बेळगाव, कारवार तिकडे कर्नाटकातच (तेव्हाच्या म्हैसूर राज्यात) राहिलं, डांग, उंबरगाव गुजरातेत गेलं. म्हणजे मैना अजून गावावरच आहे. हे कळल्यावर तो भाग गाताना माझा आवाज फुटला, पण पूर्ण गायले.

एकच गोष्ट मला अजून खटकते, त्या दिवशी बोलले नाही. मैना निरोपाला हात उंचावून उभी राहते, पण तिचं स्वतःचं म्हणणं काय ते येत नाही. इतकी वर्षं शेत, घर, सासूसासरे सगळं तिनेच ओढलं असणार ना.

रविवारी रेकॉर्डिंग घेऊन येते. तेव्हा तुमच्या आईबद्दल सांगाल का, तुमचे वडील इकडे होते तेव्हाचं?

तुमची,
खालच्या मजल्यावरची