टाकीतल्या पेशी आणि त्यांची साखर

पुणे

चि. रेवा हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

द्रव माध्यमात वाढवलेल्या वनस्पतींच्या पेशी अन्न म्हणून वापरण्याचा विषय प्रबंधासाठी घ्यावा का, असे तू विचारले आहेस. अवश्य घे. मात्र हेलसिंकीत या कामाचे जे कौतुक तुझ्या कानी पडत असेल, त्यात एक प्रश्न मागे पडण्याचा संभव आहे, आणि ऊतीसंवर्धनाच्या प्रयोगशाळेत उमेदीची वर्षे घालवलेल्या तुझ्या आईने तो विचारलाच पाहिजे: या पेशी खातात काय?

शेतातले रोप उन्हाच्या बळावर आपले अन्न स्वतः तयार करते. बंद टाकीत वाढणाऱ्या पेशीला साखर आयती द्यावी लागते. मुराशिगे आणि स्कूग या शास्त्रज्ञांनी 1962 साली तंबाखूच्या पेशींसाठी बसवलेले पोषक माध्यम आजही सर्वत्र वापरले जाते, आणि त्यात लिटरला 30 ग्रॅम साखर असते. तिचा बराच वाटा श्वसनात खर्च होतो, उरलेल्यातून पेशीचे अंग भरते. म्हणजे ही टाकी एका अन्नाचे दुसऱ्या अन्नात रूपांतर करते, आणि त्यात घट येतेच. साखर उसाची असो वा बीटची, तिच्यामागे जमीन आणि पाणी आहे. ऊस किती पाणी पितो हे आपल्याकडच्या माणसाला वेगळे सांगायला नको.

म्हणून गव्हा-तांदळाला ही टाकी पर्याय ठरेल असे मला वाटत नाही. फिनलंडमधल्याच व्हीटीटी या संशोधन संस्थेने निवडलेली पिके मात्र मला पटतात. क्लाउडबेरी आणि लिंगनबेरी यांसारख्या फळांच्या पेशी त्यांनी वाढवून तपासल्या, तेव्हा कोरड्या वजनात साधारण 14 ते 19 टक्के प्रथिने आणि भरपूर तंतुमय पदार्थ आढळले. 2021 मध्ये त्यांनी कॉफीच्या पेशी वाढवून, सुकवून, भाजून त्यांची कॉफी चाखून पाहिली. जिथे लागवडीसाठी जंगल तुटते आणि वाढत्या उष्णतेमुळे मळे धोक्यात येतात, तिथे साखर खर्चून पेशी वाढवण्याला अर्थ आहे.

हाताने करायचे काम मात्र संयमाचे आहे. पानाच्या तुकड्यावर कॅलस, म्हणजे पेशींचा आकारहीन गोळा, आला की त्याचा भुसभुशीत भाग तेवढा द्रव माध्यमात घालून फ्लास्क शेकरवर, म्हणजे सतत हलवत ठेवणाऱ्या यंत्रावर, ठेवायचा. चांगले कल्चर, म्हणजे फ्लास्कमध्ये वाढलेल्या पेशी, फ्लास्क तिरका करताच बारीक रव्यासारखे तळाशी बसते आणि वरचे पाणी नितळ राहते. ते पाणी गढूळ दिसले की जिवाणू शिरले असे समजून फ्लास्क ऑटोक्लेव्ह करून, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करून, टाकून द्यावा, कारण वनस्पतीच्या पेशी दुप्पट व्हायला काही दिवस लागतात आणि जिवाणूंना अर्धा तासही पुरतो. मोठ्या टाकीत हीच अडचण महाग पडते: आठवडे-दोन आठवडे सगळे निर्जंतुक राखायचे, पेशींना हवा पुरवायची, आणि तरीही ढवळणे इतके सौम्य ठेवायचे की त्या फुटणार नाहीत.

हे अशक्य नाही. जपानमध्ये शिकोनिन हे लाल रंगद्रव्य 1980च्या दशकातच पेशींपासून व्यापारी प्रमाणावर बनू लागले, आणि कर्करोगावरचे पॅक्लिटॅक्सेल जर्मनीत हजारो लिटरच्या टाक्यांत तयार होते. पण औषध ग्रॅमच्या भावाने विकले जाते आणि अन्न किलोच्या. मधले अंतर कसे कापायचे, हाच तुझ्या प्रबंधाचा गाभा असावा असे मला वाटते. शुद्ध साखरेऐवजी मळी किंवा अन्नप्रक्रियेतील उरलेले गोड पाणी पेशींना चालते का, एवढे एक जरी तू नीट मोजलेस तरी काम उपयोगाचे होईल.

तुझ्या मार्गदर्शकांना हा साखरेचा हिशेब अवश्य विचार, आणि कॉफी घेणार की बेरी, ते ठरले की कळव.

तुझी,
आई