ताओ: पोथी आणि देऊळ

महोदय,
‘ताओ’ (मार्ग) हा चिनी विचार म्हटला की आपल्याला प्राचीन चिनी तत्त्वज्ञ लाओत्झूची ८१ छोट्या प्रकरणांची पोथी आणि ‘वू-वेई’ आठवते. वू-वेई म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे. पाणी खडकाशी न भांडता वाट काढते, तसे ओढाताण न करता वागणे. (आळशांनी उगाच खूश होऊ नये!) पण ताओ हा नांदता धर्मही आहे, हे आपल्याकडे क्वचितच लिहिले जाते. इ.स. १४२ मध्ये चीनच्या सिचुआन प्रांतात झांग दाओलिंग या पंथसंस्थापकांना लाओत्झूने दर्शन दिले, अशी श्रद्धा आहे. झांग यांच्या पंथात येणारा पाच मापे तांदूळ देई, म्हणून ‘पाच मापे तांदूळ’ हेच पंथाचे नाव पडले. बीजिंगच्या श्वेतमेघ मंदिरात आजही डोक्यावर केसांची गाठ बांधलेले साधू मंत्रपठण करतात.

- एक वाचक, सांगली