सायकलचा जीएसटी कमी झाला, पण...

संपादक महोदय,

२२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, निर्णय चांगलाच आहे, पण नवशिक्याच्या हातात पडतं किती ते बघा, ५,००० मूळ किमतीची साधी सायकल ५,६०० वरून ५,२५० वर आली, म्हणजे वाचले ३५०. ऑनलाइन मागवली तर ती खोक्यात अर्धवट जोडलेली येते, हँडल-पेडल बसवून ब्रेक आवळायला शेवटी गल्लीतलंच दुकान लागतं, आणि तिथे फिटिंगचे पैसे द्यायचे म्हटलं की आपण घासाघीस करतो (वर ऑनलाइन किमतीचा स्क्रीनशॉटही दाखवतो!). पूर्वी पुण्यात अशाच दुकानांतून तासावर सायकल भाड्याने मिळायची. महापालिकेने त्यांना थोडी मदत करून ती सोय परत आणावी, शिकणाऱ्याने आधीच पाच हजार कशाला घालायचे?

– एक वाचक, पुणे