दिवेलागणीला इथेही अंधारच असतो

मिनियापोलिस,
१४ डिसेंबर

ती. आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

रोज फोन होतो, मग पत्र कशाला, असं तू म्हणशील आई. पण फोनवर तुझा चेहरा दिसतो, मागून बाबा ‘आवाज येतोय ना?’ विचारतात, छोटीला चित्र दाखवायचं असतं, आणि सांगायचं ते राहूनच जातं. आज ती लवकर झोपली म्हणून लिहायला बसले. कागदाचा फोटो दादाला पाठवते. त्याने मोठ्या अक्षरात छापून आणावं, म्हणजे बाबांच्या डोळ्याला ताण पडणार नाही. बाबा, ड्रॉप्स वेळेवर घालताय ना? ऑपरेशनच्या दिवशी मी फोन धरून बसले होते. तुम्ही ‘पाच मिनिटांत झालं’ म्हणालात, पण त्या आधीचे दोन तास माझ्याकडून काहीच काम झालं नाही.

आम्ही तिघंही छान आहोत. छोटीचा खोकला गेला. तिच्या नाकातून थोडं रक्त आलं होतं, ते फक्त कोरड्या हवेमुळे. बाहेर गोठलेलं असतं, आत दिवसरात्र गरम हवा फिरते, त्यामुळे ओठ, नाक, हात सगळंच फुटतं. स्वेटर काढताना चट्चट् आवाज येतो, दाराच्या कडीला हात लावला की झटका बसतो. आता तिच्या खोलीत हवेत वाफ सोडणारं यंत्र ठेवलंय, आणि तू दिलेलं तूप रात्री नाकाला लावते. रक्त परत आलेलं नाही.

मी फोन मुद्दाम लवकर उरकते असं तुला वाटतं, ते मनातून काढ. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे गेली. आधी आपल्यात साडेदहा तासांचं अंतर होतं, आता साडेअकरा झालंय. तू सातला देवापाशी दिवा लावून फोन करतेस तेव्हा पूर्वी इथे साडेआठ वाजलेले असायचे, छोटी शाळेत गेलेली असायची. आता साडेसात असतात. नेमकी तिला कपडे चढवायची वेळ. त्यात सूर्य पावणेआठच्या सुमाराला उगवतो, म्हणजे तू दिवा लावतेस तेव्हा इथेही अंधारच असतो. मला ते बरं वाटतं. संध्याकाळी साडेचारला परत मिट्ट. डॅलसला पाच वर्षं काढली, पण असे दिवस तिथे कधी पाहिले नव्हते.

कपडे कमी घालते म्हणून काळजी करू नकोस. आधी आतला उबदार थर, मग नेहमीचे कपडे, त्यावर स्नो-पँट, मग बूट, जॅकेट, टोपी आणि सगळ्यात शेवटी हातमोजे, कारण हातमोजे आधी घातले तर चेन लावता येत नाही. एवढं सगळं झाल्यावर छोटी म्हणते, शू लागली. शाळेत मुलांना थंडीतही मैदानावर सोडतात. पहिल्या दिवशी मी कुंपणाबाहेर उभी राहून बघत होते. ती बर्फात उताणी पडून हात हलवत होती, गाल लाल झाले होते, आणि घरी यायला तयार नव्हती.

माझ्या ऑफिसचंही तेच. ‘एवढ्या गारठ्यात चालत जातेस’ म्हणतेस, पण मी गारठ्यात फारशी चालतच नाही. शहराच्या मध्यभागी इमारती एकमेकींना वरच्या मजल्यावरून काचेच्या बंदिस्त पुलांनी जोडल्या आहेत, त्यांना स्कायवे म्हणतात. पहिला १९६२ साली बांधला, आता ते जाळं साधारण पंधरा किलोमीटरचं झालंय. ट्रेनमधून उतरून एकदा आत शिरलं की ऑफिस, जेवण, बँक, सगळं कोट काढूनही होतं.

आणि तलावाचं. दादाने तुला नोकोमिस तलावाचा फोटो दाखवला आणि तू दोन दिवस जावयांवर रागावलीस. अगं, फोटोत ते काठावर उभे होते. पाणी नुकतंच धरलंय. माणसाने वर चालायचं तर किमान चार इंच चांगला, घट्ट बर्फ हवा आणि मोटारीला नऊ-दहा इंच, असं इथल्या सरकारी खात्याने लिहून ठेवलंय. जानेवारीत लोक त्यावर तंबू टाकून, भोक पाडून मासे धरत बसतात. आम्ही काठावरूनच बघणार आहोत. तुझी शपथ.

आता कानटोपीचं. त्या शनिवारी मी घरात कानटोपी का घातली होती, हे तू तीनदा विचारलंस आणि मी तिन्ही वेळा ‘अशीच’ म्हणाले. अशीच नव्हती. आदल्या रात्री घर गरम करणारं यंत्र, फर्नेस, बंद पडलं होतं. बाहेर उणे १८. दोनला जाग आली तर श्वासाची वाफ दिसत होती. छोटीला दोघांच्या मध्ये घेतलं, तुझी गोधडी आणि घरातली सगळी पांघरुणं घातली. तासाभराने हिंमत करून वरच्या मजल्यावरच्या घरमालक आजोबांना उठवलं. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण बॅटरी घेऊन खाली तळघरात न जाता थेट घराच्या बाजूला गेले. फर्नेसचा धूर एका पाइपातून भिंतीबाहेर जातो. वाऱ्याने बर्फ तिथे साठला होता आणि पाइपाचं तोंड बुजलं होतं. धूर कोंडू नये म्हणून यंत्र आपणहून थांबतं. त्यांनी हातांनीच बर्फ उकरला, आत येऊन कळ बंद-चालू केली आणि झालं. विषारी वायूचा भोंगा घरात दोन ठिकाणी आहे, तो वाजला नाही, म्हणजे धोका नव्हता. सकाळपर्यंत घर तापलं, फक्त माझी टोपी डोक्यावर राहिली. आता बर्फ पडला की जावई आधी पाइप मोकळा करतात, मग चहा. तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तू तिथून काय करणार होतीस, रात्रभर जागण्याशिवाय?

बाबा, पुढचं खास तुमच्यासाठी, कारण यात माझं खोटं बोलणंही आहे. ‘गाडी सर्व्हिसिंगला दिलीय’ म्हणाले होते ना, ती दिली नव्हती, उचलून नेली होती.

आम्ही गाडी रस्त्यावर लावतो, आवार नाही. मोठा बर्फ पडला की शहर स्नो-इमर्जन्सी जाहीर करतं, संध्याकाळी फोनवर निरोप येतो. मग तीन दिवसांचा नियम सुरू. पहिला दिवस म्हणजे त्याच रात्री नऊपासून दुसऱ्या सकाळी आठपर्यंत. तेव्हा मुख्य रस्ते, म्हणजे ज्यांवर तशी पाटी असते ते, दोन्ही बाजूंनी रिकामे हवेत. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ ते रात्री आठ बाकीच्या गल्ल्यांमध्ये सम बाजू रिकामी हवी. तिसऱ्या दिवशी त्याच वेळात विषम बाजू. मधल्या काळात बर्फ ढकलणारी अजस्र गाडी येऊन एकेक बाजू साफ करते. तुमची बाजू पूर्ण रुंदीने साफ झाली की तिथे परत गाडी लावता येते. अर्धवट झाली असेल तर नाही. कळलं ना? मला कळलं नव्हतं. पुण्यातल्या पी-१, पी-२ च्या पाट्या माझ्या डोक्यात पक्क्या. सम तारखेला सम बाजूला गाडी लावायची, विषमला विषम. १ तारखेच्या संध्याकाळी इमर्जन्सी लागली. दुसऱ्या दिवशी २ तारीख, सम, म्हणून मी शिस्तीत सम बाजूला गाडी लावून ऑफिसला गेले. पण इथला हिशेब तारखेचा नाहीच. तो इमर्जन्सीच्या दिवसाचा आणि घराच्या नंबराचा आहे. दुसऱ्या दिवशी ज्या बाजूच्या घरांचे नंबर सम, तीच बाजू रिकामी ठेवायची. मी बरोबर उलटं केलं. संध्याकाळी आले तर जागेवर स्वच्छ रस्ता आणि गाडी गायब.

दंड, उचलून नेल्याचे पैसे आणि रात्रभर ठेवल्याचं भाडं असं सगळं भरून दुसऱ्या दिवशी सोडवून आणली. जावई एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी नुसता कागदावर रस्ता काढला, दोन्ही बाजूंना घरांचे नंबर घातले आणि फ्रिजवर लावला. बर्फात फसू नये म्हणून थंडीचे चार टायरही घेतले. घसरण्याची भीती त्यामुळे बरीच कमी झालीय, हे तुम्हाला मुद्दाम सांगते.

घरासमोरच्या फूटपाथचा बर्फ थांबल्यापासून चोवीस तासांत काढायचा, हाही नियम आहे. आमचे आजोबा फावडं घेऊन आपली हद्द संपली तरी पुढे जातात, शेजारच्या बाईंचंही काढतात. १९९१ च्या हॅलोवीनची गोष्ट त्यांनीच सांगितली. ३१ ऑक्टोबरला सुरू झालेला बर्फ ३ नोव्हेंबरपर्यंत पडत होता, सगळा मिळून २८.४ इंच. म्हणजे सव्वादोन फुटांच्या वर! आकडा त्यांना तोंडपाठ आहे. थँक्सगिव्हिंगला त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. त्यांचा मुलगा दूरच्या राज्यात असतो, तो आला नव्हता. टेबलावर चार ताटं मांडली होती, आणि पाचवी खुर्ची भिंतीशी लावून ठेवली होती. मी शिरा नेला होता. त्यांनी दोनदा घेतला आणि मुलाला फोन लावून आम्हाला दाखवलं. मला सारखं आपलं स्वयंपाकघर आठवत होतं.

दिवाळीचा आकाशकंदील अजून उतरवलेला नाही. उतरवायला गेले तर आजोबा म्हणाले, राहू दे, आता सगळ्यांचेच दिवे लागतील. खरंच, सगळ्या गल्लीत आता नाताळच्या माळा आहेत आणि मध्ये आपला कंदील, डोक्यावर बर्फाची टोपी घेऊन. तुळस ऑक्टोबरमध्येच आत घेतली. खिडकीत दिव्याखाली ठेवलीय. बरीच पानं गळली, पण खोडाला तीन नवे कोंब आहेत. तिचं लग्न लावलं तेव्हा मंगलाष्टकं तुझ्याच आवाजातली लावली, मागच्या वर्षी रेकॉर्ड केलेली.

आणि लग्नावरून आता दादाच्या लग्नाचं.

साखरपुड्याला मी म्हणाले होते, महिनाभर येते. आई, मला फक्त आठ दिवस मिळताहेत. नोकरी जुलैतली, महिन्याला सव्वा दिवस रजा साठते, आणि ऑक्टोबरमध्ये छोटीच्या तापात तीन दिवस गेले. साधाच ताप होता, म्हणून तेव्हा बोलले नाही. मी आणि छोटी हळदीच्या आदल्या दिवशी पोचतो आणि सत्यनारायण झाला की दुसऱ्या दिवशी निघतो. बस्त्याला मी नाही, केळवणाला नाही, घाणा भरायलाही नाही. करवली म्हणून ऐन वेळी करा घेऊन उभी राहीन एवढंच. बाकी सगळं तुझ्यावर आणि काकूवर पडणार, हे मला दिसतंय. पत्रिकांचे पत्ते, याद्या, कार्यालयवाल्याशी बोलणं मला द्या. तुमच्या सकाळी माझी रात्र असते, मी जागी असते.

जावई येऊ शकत नाहीत. त्यांच्या व्हिसाचा शिक्का संपलाय. भारतात आले की परतण्याआधी वकिलातीत जाऊन नवा घ्यावा लागतो, आणि फेब्रुवारीतली तारीख मिळाली नाही. तिकडे अडकले तर इथली नोकरी धोक्यात. माझा शिक्का पुढच्या वर्षापर्यंत आहे, माझी काळजी नको. आत्या विचारतील, मानाचा जावई कुठे? तेव्हा त्यांना सरळ हेच सांग. दादाला त्यांनी स्वतः फोन केलाय. दादा म्हणाला चालेल, पण बोलता बोलता गप्प झाला.

बाबा, कार्यालयाच्या दुसऱ्या हप्त्याचे दीड लाख मी देते म्हणाले होते. या आठवड्यात एक लाख येतील. गाडीचा दंड, टायर आणि तिकिटं यांत हात आखडला. उरलेले पन्नास हजार जानेवारीच्या पगाराला नक्की पाठवते. तोपर्यंत कृपा करून एफडी मोडू नका. माझा शब्द आहे.

होणाऱ्या वहिनीला नमस्कार. तिला मी अजून फोनमध्येच भेटलेय, तिच्यासाठी काय आणू ते दादाकडून काढून घे. आजीच्या पाया पडते.

तुमची लेक

ता. क. आई, करवलीच्या साडीचा रंग तूच ठरव. ब्लाउजचं माप नवं पाठवते, जुन्यावर शिवू नकोस.

बाबा, मुंबईला विमानतळावर यायचं नाही. विमान मध्यरात्री उतरतं, डोळा अजून नवा आहे, रात्री घाटातून गाडी चालवायची नाही. मी आणि छोटी गाडी करून साताऱ्याला येतो. तुम्ही फाटकाशी थांबा, तेवढं पुरे.